३७ दिवस आणि एक महायुद्ध : १९१४ मध्ये युरोप युद्धात कसा ओढला गेला?

२८ जून १९१४. रविवारची सकाळ. ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी उघड्या मोटारीतून बोस्नियातल्या साराजेव्हो शहरात आले होते. सकाळीच त्यांच्यावर एक बॉम्ब फेकला गेला होता. तो मागच्या गाडीपाशी फुटला आणि दोघं वाचले. नगरभवनातला स्वागतसमारंभ उरकल्यावर जखमींना बघायला हॉस्पिटलमध्ये जायचं ठरलं. त्यासाठी रस्ताही बदलला. पण बदललेला रस्ता ड्रायव्हरला कुणी सांगितलाच नाही.

ड्रायव्हर जुन्याच रस्त्याने लॅटिन पुलाजवळ वळला. चूक लक्षात आली तेव्हा त्याने गाडी थांबवली. गाडी थांबली ती नेमकी १९ वर्षांच्या गाव्रिलो प्रिन्सिपसमोर. त्याने दोन गोळ्या झाडल्या. थोड्याच वेळात नवरा-बायको दोघंही गेले.

(प्रिन्सिप तिथे सँडविच खात उभा होता, अशी गोष्ट इंटरनेटवर फिरते. तिला काहीही पुरावा नाही. युवराजाच्या ठरलेल्या रस्त्यावरच तो दबा धरून होता.)

यानंतर बरोबर ३७ दिवसांनी, म्हणजे ४ ऑगस्टला, युरोपातल्या पाचही मोठ्या सत्ता युद्धात उतरलेल्या होत्या. ते युद्ध चार वर्षं चाललं आणि त्यात सुमारे ९० लाख ते १ कोटी सैनिक मारले गेले.

शाळेत आपण सगळ्यांनी हे 'तात्कालिक कारण' म्हणून पाठ केलंय. पण एका युवराजाच्या खुनावरून एवढं मोठं युद्ध का व्हावं, हा प्रश्न पेपरात कधी येत नाही. आणि खरी गोष्ट त्या दोन गोळ्यांत नाही, ती नंतरच्या ३७ दिवसांत आहे.

युरोपात तेव्हा कोण कुणाच्या बाजूला होतं?

सुरुवात १८७१ पासून करावी लागेल. त्या वर्षी प्रशियाने फ्रान्सला हरवलं, जर्मनी एक देश झाला आणि फ्रान्सचा अल्सेस-लॉरेन हा प्रदेश जर्मनीने घेतला. फ्रान्स हे कधीच विसरला नाही.

फ्रान्सला कुणी मित्र मिळू नये, यासाठी जर्मनीचा चान्सलर बिस्मार्कने डावपेचांचं जाळं विणलं. १८७९ मध्ये ऑस्ट्रियाशी करार केला, १८८२ मध्ये त्यात इटली आली. रशियालाही त्याने सांभाळून ठेवलं. पण १८९० मध्ये तरुण कैसर दुसरा विल्हेल्म याने बिस्मार्कला घरी पाठवलं आणि रशियासोबतचा करार पुढे चालू ठेवला नाही. परिणाम असा झाला, की १८९४ पर्यंत रशिया आणि फ्रान्स एकत्र आले. बिस्मार्कला ज्याची भीती होती तेच घडलं. जर्मनीच्या दोन्ही बाजूंना आता शत्रू होते.

त्यात जर्मनीने मोठं आरमार बांधायला घेतलं. समुद्रावर सत्ता गाजवणाऱ्या ब्रिटनला हे सहन होणं शक्यच नव्हतं. १९०६ मध्ये ब्रिटनने 'ड्रेडनॉट' ही नवी युद्धनौका उतरवली आणि दोन्ही देशांत शर्यत लागली. या काळात ब्रिटनने जुने वाद मिटवले, १९०४ मध्ये फ्रान्सशी आणि १९०७ मध्ये रशियाशी.

म्हणजे एका बाजूला जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी आणि इटली, दुसऱ्या बाजूला फ्रान्स, रशिया आणि (अर्धवट) ब्रिटन. 'अर्धवट' हा शब्द लक्षात ठेवा, पुढे तो फार महाग पडणार आहे.

अनेकदा सांगितलं जातं, की या करारांमुळे युद्ध आपोआप पेटलं. हे पूर्ण खरं नाही. १९१४ मध्ये इटलीने 'हा करार फक्त बचावासाठी आहे' असं म्हणत सरळ अंग काढून घेतलं आणि पुढच्या वर्षी ती चक्क विरुद्ध बाजूने लढायला उतरली. करार होते, पण ते पाळायचे की नाही हे माणसंच ठरवत होती.

ठिणगी बाल्कनमध्येच का पडली?

आग्नेय युरोपातल्या बाल्कन प्रदेशावर शतकानुशतकं तुर्की साम्राज्याची सत्ता होती. ती ढासळू लागली आणि मोकळ्या होणाऱ्या जागेवर ऑस्ट्रिया आणि रशिया या दोघांचाही डोळा होता. त्यात सर्बिया हा छोटा पण महत्त्वाकांक्षी देश होता. आजूबाजूच्या सगळ्या सर्ब लोकांना एका झेंड्याखाली आणायचं त्याचं स्वप्न होतं. अडचण अशी, की त्यातले लाखो सर्ब ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात राहत होते.

१९०८ मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया अधिकृतपणे आपल्या साम्राज्याला जोडला. सर्बिया चिडला, रशियाही चिडला. पण जपानकडून झालेल्या पराभवातून रशिया अजून सावरला नव्हता. जर्मनीने दम दिल्यावर त्याने माघार घेतली. हा अपमान रशियाच्या जिव्हारी लागला. पुन्हा अशी वेळ आली तर मागे हटायचं नाही, असं तिथल्या नेत्यांच्या मनाने घेतलं.

१९१२ आणि १९१३ मध्ये बाल्कनमध्ये दोन युद्धं झाली. त्यांत सर्बियाचा प्रदेश जवळपास दुप्पट झाला. तेव्हाही मोठ्या युद्धाची भीती होती, पण लंडनमध्ये सगळ्या सत्तांचे राजदूत एकत्र बसले आणि संकट टळलं. त्याआधी मोरोक्कोवरून १९०५ आणि १९११ मध्येही असंच घडलं होतं.

सारखी संकटं येत होती आणि सारखी टळत होती. त्यामुळे १९१४ चं संकटही टळेलच, असं अनेकांनी गृहीत धरलं.

'कोरा चेक' म्हणजे काय?

प्रिन्सिप हा बोस्नियातला सर्ब होता. त्याला आणि त्याच्या साथीदारांना शस्त्रं मिळाली होती ती सर्बियातल्या 'ब्लॅक हँड' या गुप्त संघटनेकडून. या संघटनेचा म्होरक्या ड्रॅगुटिन दिमित्रीयेविच हा सर्बियाच्याच लष्करी गुप्तचर खात्याचा प्रमुख होता. त्यामुळे ऑस्ट्रियाचा संशय निराधार नव्हता.

ऑस्ट्रियाचा लष्करप्रमुख कॉनराड फॉन हॉट्झेनडॉर्फ हा तर गेली कित्येक वर्षं सर्बियावर हल्ला करा म्हणून मागे लागला होता. आता त्याला निमित्त मिळालं. पण सर्बियावर हात टाकला तर रशिया मध्ये पडणार, हे उघड होतं. म्हणून आधी जर्मनीला विचारणं भाग होतं.

५ जुलैला ऑस्ट्रियाच्या राजदूताने कैसरची भेट घेतली. कैसरने सांगितलं, की जे करायचं ते करा, रशिया मध्ये पडला तरी जर्मनी तुमच्या पाठीशी आहे. इतिहासात यालाच 'कोरा चेक' म्हणतात. दुसऱ्या दिवशी कैसर आपल्या बोटीने नॉर्वेच्या सफरीला निघून गेला.

जर्मनीचा हिशोब काय होता? ऑस्ट्रियाने झटपट सर्बियाला धडा शिकवावा. रशिया बहुतेक गप्प बसेल. नाहीच बसला, तर नंतर लढण्यापेक्षा आत्ता लढलेलं बरं. कारण रशियाचा लष्कर वाढवण्याचा मोठा कार्यक्रम १९१७ मध्ये पुरा होणार होता आणि त्यानंतर आपला निभाव लागणार नाही, असं जर्मन सेनापतींना वाटत होतं.

यातला 'झटपट' हाच भाग फसला.

ऑस्ट्रियाने एवढा वेळ का लावला?

खून ताजा असताना सगळ्या युरोपची सहानुभूती ऑस्ट्रियाकडे होती. त्याच आठवड्यात कारवाई झाली असती, तर कदाचित प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण हंगेरीचा पंतप्रधान तिसा सुरुवातीला युद्धाला तयार नव्हता. बरेचसे सैनिक सुगीसाठी रजेवर गावी गेले होते. आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष पॉइंकारे रशियाच्या दौऱ्यावर होता. दोन मित्र एकत्र असताना त्यांना बातमी मिळायला नको, म्हणून ऑस्ट्रिया थांबला.

२३ जुलैला, फ्रेंच पाहुणे परतीला लागत असताना, संध्याकाळी ६ वाजता सर्बियाला निर्वाणीचा खलिता देण्यात आला. मुदत ४८ तासांची. अटी अशा, की नकारच यावा.

पण सर्बियाने चलाखीने जवळपास सगळ्या अटी मान्य केल्या. नकार मुख्यतः एकाच गोष्टीला दिला : खुनाच्या तपासात ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांनी सर्बियाच्या भूमीवर भाग घेण्याला. २५ जुलैच्या संध्याकाळी ऑस्ट्रियाच्या वकिलाने ते उत्तर वरवर चाळलं आणि अर्ध्या तासात तो सामानसुमानासह आगगाडीत बसला होता.

कैसरने सर्बियाचं उत्तर वाचलं ते २८ जुलैच्या सकाळी. त्याचं मत झालं, की आता युद्धाचं कारणच उरलं नाही. ऑस्ट्रियाने फक्त बेलग्रेड ताब्यात घेऊन थांबावं, असं त्याने सुचवलं. पण त्याच दिवशी ऑस्ट्रियाने तार पाठवून सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारलं. ऑस्ट्रियाचं सैन्य प्रत्यक्ष लढायला ऑगस्टच्या मध्यापर्यंत तयार होणार नव्हतं. तरी युद्ध पुकारण्याची घाई केली, कारण मध्यस्थी करणाऱ्यांची तोंडं बंद करायची होती.

सगळ्यांना घाई कसली होती?

या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग इथे आहे. आणि तो आहे रेल्वेचा.

त्या काळी युरोपातले बहुतेक देश तरुणांना दोन-तीन वर्षं सैन्यात घेत आणि मग राखीव सैनिक म्हणून घरी पाठवत. युद्धाची वेळ आली, की शेतात, कारखान्यात, ऑफिसात असलेल्या या लाखो माणसांना बोलवायचं, गणवेश-बंदुका द्यायच्या आणि घोडे-तोफांसह रेल्वेने सीमेवर न्यायचं. याला लष्कराची जमवाजमव म्हणत. कोणती गाडी कोणत्या स्टेशनवर किती वाजता पोहोचेल, याची वेळापत्रकं शांततेच्या काळातच बनवून ठेवलेली असत.

एकट्या जर्मनीची योजना ३० लाखांहून जास्त माणसं आणि सुमारे ११ हजार गाड्या हलवण्याची होती.

अशा व्यवस्थेत जो आधी सुरुवात करील त्याचा फायदा. आणि जो दोन दिवस उशीर करील, त्याच्या सीमेवर शत्रू आधी येऊन उभा. त्यामुळे शेजारी हलला की आपण हललंच पाहिजे, असं प्रत्येक सेनापती आपल्या सरकारला सांगत होता. चर्चेला दिवस लागतात आणि रेल्वे तासांवर चालते.

रशियाचंच बघा. झारला फक्त ऑस्ट्रियाच्या बाजूची जमवाजमव करायची होती, म्हणजे जर्मनी भडकणार नाही. पण सेनापतींनी सांगितलं, की अशी अर्धी योजना आपल्याकडे धड नाहीच, आणि अर्धी सुरू केली तर पूर्ण योजनेची वाट लागेल. २९ जुलैला झारने पूर्ण जमवाजमवीचा हुकूम दिला, रात्री तो मागे घेतला आणि ३० जुलैला दुपारी पुन्हा दिला.

जर्मनीची अडचण आणखी वाईट होती. दोन आघाड्यांवर एकाच वेळी लढायचं नाही, म्हणून 'श्लीफेन योजना' नावाने ओळखला जाणारा बेत तयार होता. रशिया अवाढव्य आहे, त्याला तयारीला वेळ लागेल. तेवढ्यात साधारण सहा आठवड्यांत बेल्जियममार्गे फ्रान्सचा निकाल लावायचा आणि मग सगळं सैन्य पूर्वेला वळवायचं.

इतर देशांसाठी जमवाजमव म्हणजे सीमेच्या आत सैन्य गोळा करणं. जर्मनीसाठी मात्र तिचा अर्थ थेट हल्ला असा होता, कारण बेल्जियममधलं लिएज हे रेल्वेचं मोक्याचं शहर पहिल्या काही दिवसांतच घेणं गरजेचं होतं. आणि भांडण रशियाशी असलं, तरी पहिला वार फ्रान्सवरच होणार होता. फक्त रशियाविरुद्धची वेगळी योजना जर्मन लष्कराने १९१३ नंतर अद्ययावत ठेवणंच बंद केलं होतं.

नातेवाईक राजे काय करत होते?

जर्मनीचा कैसर विल्हेल्म आणि ब्रिटनचा राजा पाचवा जॉर्ज हे दोघंही राणी व्हिक्टोरियाचे नातू. रशियाचा झार दुसरा निकोलस हा जॉर्जचा मावसभाऊ, आणि त्याची बायको व्हिक्टोरियाची नात. शेवटच्या दिवसांत कैसर आणि झार एकमेकांना इंग्रजीतून तारा पाठवत होते. खाली सह्या 'विली' आणि 'निकी'. दोघंही एकमेकांना युद्ध टाळण्याची विनंती करत होते आणि दोघांचीही लष्करं तयारीला लागली होती.

१ ऑगस्टला जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं. त्याच संध्याकाळी लंडनहून बातमी आली, की फ्रान्सवर हल्ला केला नाही तर ब्रिटन तटस्थ राहील. कैसर खूश झाला. त्याने लष्करप्रमुख मोल्ट्केला सांगितलं, की सगळं सैन्य पूर्वेला वळवा. मोल्ट्के हादरला. लाखो माणसांची ही हालचाल आता बदलता येणार नाही, असं त्याने सांगितलं. काही तासांतच ती बातमी गैरसमजातून आल्याचं स्पष्ट झालं आणि गाड्या पश्चिमेलाच धावत राहिल्या. ३ ऑगस्टला जर्मनीने फ्रान्सविरुद्धही युद्ध पुकारलं.

गंमत म्हणजे जर्मनी ज्याच्यासाठी यात पडला, त्या ऑस्ट्रियाने रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं ते ६ ऑगस्टला, म्हणजे जर्मनीनंतर पाच दिवसांनी.

ब्रिटन का उतरला?

आता तो 'अर्धवट' शब्द आठवा. ब्रिटनचा फ्रान्सशी युद्धात साथ देण्याचा कोणताही लेखी करार नव्हता. पण दोन्ही देशांच्या लष्करी अधिकाऱ्यांची बोलणी कित्येक वर्षं गुपचूप चालू होती आणि मंत्रिमंडळातल्या बहुतेकांना ती बराच काळ माहीत नव्हती. परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे याने २६ जुलैला पुन्हा चार सत्तांची परिषद घेण्याचा प्रस्ताव दिला, पण जर्मनीने तो नाकारला. मंत्रिमंडळ दुभंगलेलं असल्याने ब्रिटन लढणार की नाही, हे ग्रे कुणालाच ठामपणे सांगू शकत नव्हता. जर्मनीने आशा ठेवली की ब्रिटन येणार नाही. फ्रान्सने आशा ठेवली की येईल.

हा पेच बेल्जियमने सोडवला. १८३९ च्या लंडन करारात बेल्जियमच्या तटस्थतेची हमी मोठ्या सत्तांनी दिली होती. ४ ऑगस्टला जर्मन सैन्य बेल्जियममध्ये घुसलं आणि त्याच रात्री ब्रिटन युद्धात उतरला. एका 'कागदाच्या चिटोऱ्यासाठी' तुम्ही लढणार का, असा सवाल जर्मन चान्सलर बेथमान-होलवेगने ब्रिटिश राजदूताला केला. हे शब्द पुढे जगभर जर्मनीविरुद्ध वापरले गेले.

३७ दिवस एका नजरेत

- २८ जून : साराजेव्होत युवराजाचा खून
- ५ जुलै : जर्मनीचा ऑस्ट्रियाला 'कोरा चेक'
- २३ जुलै : सर्बियाला निर्वाणीचा खलिता
- २८ जुलै : ऑस्ट्रियाने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारलं
- ३० जुलै : रशियाचा पूर्ण जमवाजमवीचा हुकूम
- १ ऑगस्ट : जर्मनी विरुद्ध रशिया
- ३ ऑगस्ट : जर्मनी विरुद्ध फ्रान्स
- ४ ऑगस्ट : बेल्जियमवर हल्ला, ब्रिटन युद्धात

युद्ध एवढं भयंकर का झालं?

बहुतेकांची अपेक्षा होती की काही महिन्यांत निकाल लागेल. पण कारखान्यांनी युद्धच बदलून टाकलं होतं. मशीनगन, काटेरी तारा आणि लांब पल्ल्याच्या तोफांपुढे मोकळ्या मैदानातून चालत जाणं म्हणजे मरण होतं. २२ ऑगस्ट १९१४ या एकाच दिवशी फ्रान्सचे सुमारे २७ हजार सैनिक मारले गेले. १ जुलै १९१६ ला सोमच्या लढाईच्या पहिल्या दिवशी ब्रिटिश सैन्याचे १९,२४० जण गेले.

इथेही रेल्वेने हात दाखवला. हल्ला करणाऱ्याला पुढे पायी जावं लागे, पण बचाव करणाऱ्याकडे मागून रेल्वेने नवी कुमक येई. त्यामुळे फळी फुटली तरी लगेच बुजवली जाई. ज्या रेल्वेने सगळ्यांना घाईघाईने युद्धात आणलं, तिनेच ते युद्ध लवकर संपू दिलं नाही.

आपला यात काय संबंध?

लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगातून सुटून जून १९१४ मध्येच पुण्यात परतले होते. दीडेक महिन्यात ब्रिटन युद्धात उतरला आणि त्याच्यासोबत भारतही. भारतीयांना कुणी विचारलं नाही. १० लाखांहून जास्त भारतीय परदेशात पाठवले गेले आणि सुमारे ७४ हजार परत आले नाहीत.

नोव्हेंबर १९१४ मध्ये सहावी पुणे डिव्हिजन आजच्या इराकमध्ये उतरली. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. कुत या गावात तुर्कांनी त्यांना जवळपास पाच महिने वेढा घातला. अन्न संपलं आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार सैनिकांनी शरणागती पत्करली. त्यातले हजारो जण कैदेत मेले. सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे गाव 'मिलिटरी अपशिंगे' म्हणून ओळखलं जातं, त्यामागेही याच युद्धाला गेलेल्या माणसांचा इतिहास आहे. साराजेव्हो कुठे आहे, हे त्यातल्या किती जणांना माहीत असेल?

मग दोष कुणाचा?

२८ जून १९१९, म्हणजे खुनाला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी, व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या. त्याच्या २३१ व्या कलमाने युद्धाची जबाबदारी जर्मनी आणि त्याच्या मित्रदेशांवर टाकली. जर्मनीत याचा प्रचंड राग होता आणि पुढे हिटलरने त्याचा पुरेपूर वापर केला.

इतिहासकारांचा वाद मात्र आजही चालू आहे. १९६१ मध्ये फ्रिट्झ फिशर या जर्मन इतिहासकाराने आपल्याच देशाला मुख्य जबाबदार धरलं आणि मोठी खळबळ उडाली. ख्रिस्टोफर क्लार्कने 'द स्लीपवॉकर्स' या २०१२ च्या पुस्तकात सगळ्याच नेत्यांना झोपेत चालणाऱ्या माणसांची उपमा दिली.

'युद्ध कुणालाच नको होतं' हे वाक्य ऐकायला बरं वाटतं, पण ते खरं नाही. ऑस्ट्रियाला युद्ध हवंच होतं, फक्त छोटं, सर्बियापुरतं. जर्मनीने तो धोका जाणूनबुजून पत्करला. रशियाला या वेळी मागे हटायचं नव्हतं. फ्रान्सला रशियासारखा मित्र गमवायचा नव्हता. ब्रिटनने आपण काय करणार हे वेळेवर सांगितलं नाही. समोरचा शेवटच्या क्षणी माघार घेईल, असं प्रत्येकाने धरून चाललं, कारण आधीच्या प्रत्येक वेळी कुणीतरी माघार घेतली होती.

या वेळी कुणीच घेतली नाही. प्रिन्सिपला वय २० पेक्षा कमी असल्याने फाशी झाली नाही. तो एप्रिल १९१८ मध्ये क्षयाने तुरुंगातच मेला. तोवर त्याचा एक जुना मुद्दा खरा ठरत आला होता : ऑस्ट्रिया-हंगेरी हे साम्राज्य मोडकळीला आलं होतं आणि त्याच वर्षाअखेर ते नकाशावरून गेलं. त्याच्यासोबत जर्मन कैसर आणि रशियन झार यांची सिंहासनंही गेली आणि काही वर्षांत तुर्की सुलतानाचंही गेलं. आपापली सत्ता टिकवण्यासाठी जे युद्धात उतरले, त्यांच्यापैकी चार राजघराणी त्याच युद्धाने संपवली.